उन्हाळी सुट्टीतील आज्ञावली-लेखन : ‘पिजिन’ प्रकल्प व आपले विद्यार्थी

दळणवळणाच्या साधनांत गेल्या तीन दशकांत जी स्थित्यंतरे घडून आली, त्यांत तत्काळ संदेशवहनाचे स्थान मोठे आहे. दिनांक १४ जुलै २०१३ रोजी आपल्या देशातील शेवटची तार स्वीकारण्यात आली आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेली ती सेवा संपुष्टात आली. आनंदाच्या आणि दुःखाच्याही वार्ता ज्या ‘कट्ट-कड्डी’ने घरोघर पोहोचविल्या, तिची जागा हातातील दूरध्वनीवर क्षणार्धात उमटणाऱ्या संदेशाने घेतली. हा संदेश पाठविणे आता शाळकरी मुलांनाही अवगत आहे. मात्र तो पोहोचविणारी आज्ञावली कोण लिहितो, ती कशी लिहिली जाते आणि ती लिहिण्याच्या कामात आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलामुलींना काही वाटा मिळू शकतो काय, याविषयी पालकवर्गात फारशी माहिती नाही. अशा एका आज्ञावलीची आणि तिच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना उपलब्ध झालेल्या एका उन्हाळी योजनेची ओळख करून देण्याचे येथे योजिले आहे.

हुबळी शहरातील केशवापूर ही रेल्वे स्थानकानजीकची वस्ती आहे. दक्षिण मराठा रेल्वेच्या काळापासून या शहरात नोकरीनिमित्त निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येऊन स्थायिक झाली. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात उर्दूमिश्रित हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी, असा भाषांचा चौफेर व्यवहार येथील मुलाला लहानपणापासून अंगवळणी पडलेला असतो. ज्या आज्ञावलीविषयी आपण बोलणार आहोत तिचे नाव ‘पिजिन’. दोन निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक व्यापारासाठी एकत्र आले म्हणजे त्यांच्यात जी एक मोडकी-तोडकी पण कामचलाऊ मिश्र भाषा तयार होते, तिला भाषाशास्त्रात पिजिन असे म्हणतात. केशवापुरात वाढलेल्या मुलाला या नावाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये.

अनेक खिडक्यांऐवजी एक खिडकी

१९९६ ते १९९९ या अवघ्या तीन-चार वर्षांच्या काळात तत्काळ संदेशाच्या अनेक सेवा एकापाठोपाठ एक सुरू झाल्या. इस्रायलमधील एका छोट्या कंपनीने १९९६ साली ‘आयसीक्यू’ सुरू केली. १९९७ मध्ये अमेरिका ऑनलाइन कंपनीची ‘एआयएम’, पुढे याहूची आणि १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टची सेवा आली. आपल्याकडील सायबर कॅफेंच्या भरभराटीच्या काळात ‘याहू मेसेंजर’ हे नाव सर्वतोमुखी झाले होते, हे अनेक वाचकांना स्मरत असेल.

या सेवांची अडचण अशी की, एका सेवेचा ग्राहक दुसऱ्या सेवेच्या ग्राहकाशी बोलू शकत नसे. एका डाकघरात टाकलेले पत्र दुसऱ्या डाकघराच्या हद्दीत पोहोचूच नये, तसा हा प्रकार होता. प्रत्येक सेवेची संदेश पाठविण्याची स्वतःची रीत होती. या रीतीला ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. आधी ओळख कशी द्यायची, संदेशाचा आरंभ व शेवट कसा दाखवायचा, मित्र जागेवर आहे की उठून गेला आहे हे कोणत्या खुणेने कळवायचे, अशा सर्व गोष्टी त्यात ठरलेल्या असतात. बहुतेक कंपन्या आपली रीत गुप्त ठेवीत. ज्याचे मित्र चार सेवांवर विखुरलेले, त्याला संगणकावर चार स्वतंत्र आज्ञावली उघडून बसावे लागे.

अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात शिकणाऱ्या मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने १९९८ साली लिनक्स संगणकप्रणालीवर चालणारी एक छोटी संदेश-आज्ञावली लिहिली. तिचे नाव पुढे ‘गेम’ असे रूढ झाले. (खेळ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी तिचा संबंध नाही. ती आद्याक्षरे आहेत.) हाच स्पेन्सर पुढे ‘ॲस्टरिस्क’ या दूरध्वनी-विनिमयाच्या मुक्तस्रोत आज्ञावलीमुळे अधिक प्रसिद्ध झाला. त्याने सोडलेले काम इतरांनी उचलले. हळूहळू एकाच खिडकीतून अनेक सेवांवरील मित्रांशी बोलण्याची सोय तीत झाली.

अमेरिका ऑनलाइन कंपनीने मात्र आपल्या ‘एआयएम’ या व्यापारचिन्हाशी हे नाव मिळतेजुळते असल्याचा आक्षेप घेतला. तडजोड होऊन एप्रिल २००७ मध्ये आज्ञावलीचे ‘पिजिन’ असे नवे नामकरण करण्यात आले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिची २.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या चिन्हावर जांभळा पक्षी आला, कारण इंग्रजीत कबुतरालाही तसाच उच्चार आहे. संदेशवाहक कबुतर आणि मिश्र भाषा असे दोन्ही अर्थ एका शब्दात साधले. नव्या नावांच्या शोधात इतके औचित्य क्वचितच आढळते.

पडद्यावर दिसणारी खिडकी आणि आतील संदेशयंत्रणा ही पिजिनमध्ये दोन वेगळी अंगे आहेत. आतील यंत्रणेला ‘लिबपर्पल’ म्हणतात. प्रत्येक सेवेच्या रीतीसाठी तिला एक स्वतंत्र जोड-भाग असतो. नवी सेवा आली की सबंध घर पाडावे लागत नाही, फक्त एक नवी खोली जोडावी लागते. हीच यंत्रणा मॅक संगणकांवरील ‘अडियम’ या आज्ञावलीनेही वापरली. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची आहे. लाखो ओळींची संहिता सबंध वाचून समजून घेणे नवशिक्याला शक्य नसते, परंतु एका खोलीचे काम तीन महिन्यांत त्याला पेलता येते.

मुक्तस्रोत म्हणजे काय ?

आज्ञावली माणसाने लिहिलेली असते, ती मूळ संहिता होय. संगणकावर चालते ते तिचे यंत्रभाषेतील रूपांतर. बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक आज्ञावलींत ग्राहकाला केवळ रूपांतर मिळते, मूळ संहिता कंपनीच्या कपाटात राहते. मुक्तस्रोत आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तीत बदल करता येतो आणि बदललेली प्रत इतरांना देता येते. पिजिनला लागू असलेल्या परवान्याची मुख्य अट अशी की, बदल करून प्रत वाटणाऱ्याने आपला बदलही त्याच अटींवर खुला ठेवला पाहिजे. गावातील सार्वजनिक विहिरीवर पाणी सर्वांना, पण बांध फोडण्याचा हक्क कोणालाही नाही, अशा रिवाजाशी याचे साम्य आहे.

केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ‘संदेस’ ही शासकीय संदेशसेवाही मुक्तस्रोत साधनांच्या आधाराने उभारण्यात आली आहे. आज घरोघरी पोहोचलेल्या व्हॉट्सॲपच्या प्रारंभीच्या काळातील सर्व्हरही ‘इजॅबर्ड’ या मुक्तस्रोत आज्ञावलीत फेरबदल करूनच उभे करण्यात आले होते. तेव्हा ‘फुकट मिळणारी वस्तू ती हलकी’ हा समज या क्षेत्रात तरी खरा ठरत नाही.

उन्हाळी योजनेचे स्वरूप

गूगल कंपनीने २००५ साली ‘समर ऑफ कोड’ या नावाची योजना सुरू केली. उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीत विद्यार्थ्यांनी उपाहारगृहात किंवा दुकानात तात्पुरती नोकरी करण्याऐवजी एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पासाठी आज्ञावली-लेखन करावे आणि त्यासाठी त्यांना विद्यावेतन मिळावे, अशी ही कल्पना. पहिल्या वर्षी एकेचाळीस प्रकल्पसंस्था सहभागी झाल्या. आठ हजारांहून अधिक अर्ज आले आणि चारशेहून अधिक विद्यार्थ्यांची निवड झाली. काम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला ४,५०० डॉलर आणि मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेला ५०० डॉलर देण्यात आले. त्या वेळच्या विनिमय दराने विद्यार्थ्याची रक्कम सुमारे दोन लाख रुपये होते. आजवर शंभराहून अधिक देशांतील वीस हजारांहून अधिक तरुणांनी या योजनेखाली काम केले असून, अलीकडील वर्षांत सहभागी होणाऱ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे.

पहिल्याच वर्षीच्या एकेचाळीस संस्थांत आपली ‘गेम’ ऊर्फ पिजिन होती. त्या उन्हाळ्यातील कामांपैकी एकाचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो. एका विद्यार्थ्याने ‘बाँजूर’ या रीतीसाठी जोड-भाग लिहिला. या रीतीत मध्यवर्ती सर्व्हरची गरजच नसते. एकाच स्थानिक जाळ्यात जोडलेले संगणक एकमेकांना आपण होऊन ओळखतात आणि परस्परांत संदेश पाठवितात. बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी प्रयोगशाळेतील चाळीस संगणकांवरील विद्यार्थी एकमेकांशी बोलू शकतात. ज्या महाविद्यालयांत इंटरनेटची जोडणी मे महिन्यातील नळाच्या पाण्यासारखी येते-जाते, तेथे या सोयीचे मोल अधिक आहे. त्याच वर्षी दोन मित्रांना एकाच फलकावर रेघोट्या ओढता याव्यात अशी सोय, तसेच संगणकावरील अन्य आज्ञावलींना पिजिनशी बोलता यावे अशी एक जोडणीही विद्यार्थ्यांनी केली.

२००७ च्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने सर्व्हरची ओळखपत्रे तपासण्याची व्यवस्था केली. आपण ज्या सर्व्हरला गुप्त शब्द देत आहोत तो खरोखर त्याच सेवेचा आहे की मध्येच कोणी तोतया बसला आहे, हे ओळखण्याची ही पद्धत आहे. पडद्यावर तिचे काही दिसत नाही आणि तिची कोणी वाहवाही करीत नाही, परंतु सुरक्षिततेचा सारा डोलारा तिच्यावर उभा असतो. ऑगस्ट २००९ मधील २.६ आवृत्तीत ध्वनी व चित्र यांद्वारे संभाषण करण्याची सोय आली, तिच्यामागेही अशाच एका उन्हाळी विद्यार्थ्याचे श्रम होते.

लिहिलेल्या कामाचे पुढे काय होते ?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात लिहिलेले प्रत्येक काम टिकतेच असे नाही. २००७ मध्येच एका विद्यार्थ्याने ‘मायस्पेस’ या त्या काळी अत्यंत लोकप्रिय असलेल्या संकेतस्थळाच्या संदेशसेवेसाठी जोड-भाग लिहिला. त्या सेवेची रीत कंपनीने प्रसिद्ध केलेली नव्हती. जाळ्यावरून जाणारे-येणारे संदेश पाहून त्यातील नियम ताडून काढण्याचे ते कष्टाचे काम होते. काम उत्तम झाले, ते आवृत्तीत समाविष्टही झाले. परंतु पुढे त्या सेवेचेच दिवस फिरले आणि मार्च २०१७ मधील २.१२ आवृत्तीतून तो भाग काढून टाकण्यात आला. त्याच आवृत्तीतून याहूचा जुना भागही गेला. एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये आणि सर्वांत जुनी आयसीक्यू जून २०२४ मध्ये बंद झाली. ज्या सेवांना जोडण्यासाठी पिजिनचा जन्म झाला, त्या जवळजवळ सर्वच आज इतिहासजमा आहेत.

मग या विद्यार्थ्यांचे श्रम वाया गेले असे म्हणावयाचे काय ? पाटबंधारे खात्यातील एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने आपल्या उमेदीच्या काळात बांधलेला मातीचा बंधारा पुढे मोठ्या धरणाच्या पाण्याखाली गेला, तर त्याने शिकलेले मातीकाम पाण्याखाली जात नाही. हे उत्तर काहींना सोयीचे वाटेल, याची कल्पना आहे. पण त्याला एक व्यावहारिक बाजू आहे. ओळखपत्र तपासण्याची व्यवस्था कोणत्याही एका सेवेला बांधलेली नव्हती, म्हणून ती सेवा बंद पडल्यावरही उपयोगी राहिली. ‘एक्सएमपीपी’ ही संदेशरीत १९९९ पासून सर्वांसाठी खुली आहे, ती आजही वापरात आहे आणि तिच्यासाठी केलेले कामही. एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असलेले काम निवडावे की खुल्या नियमांवर आधारलेले, हा प्रश्न अर्ज लिहिण्यापूर्वीच विद्यार्थ्याने स्वतःला विचारला पाहिजे. विद्यावेतन दोन्हींना सारखेच मिळते.

नावात उन्हाळा, पण आपला पावसाळा

ही योजना अमेरिकेच्या ऋतुचक्रावर बेतलेली आहे. तेथील महाविद्यालयांना जून ते ऑगस्ट सुट्टी असते. म्हणून प्रत्यक्ष लेखनाचा काळ मेअखेरीस सुरू होतो आणि ऑगस्टअखेर किंवा त्यानंतर संपतो. आपल्याकडे मृग नक्षत्र लागले की सुट्टी संपत आलेली असते. कोठे जून-जुलैत सत्र परीक्षा असतात, कोठे नवे सत्र सुरू झालेले असते. ज्याला अमेरिकेतील विद्यार्थी मोकळा उन्हाळा म्हणतो, तो आपल्या विद्यार्थ्याचा परीक्षा, प्रात्यक्षिके आणि धो-धो पाऊस यांनी भरलेला काळ असतो. वीज गेली की लॅपटॉप किती तास चालतो, हाही हिशेब त्याला करावा लागतो. तरीही सहभागी होणाऱ्यांत आपला देश पुढे आहे, ही गोष्ट कौतुकास्पद आहे. मात्र पालकांनी ‘सुट्टीतच तर काम आहे’ असे समजून घरची अन्य कामे मुलाच्या गळ्यात घालू नयेत.

२०२१ पर्यंत ही योजना केवळ विद्यार्थ्यांपुरती मर्यादित होती. २०२२ पासून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, मुक्तस्रोत क्षेत्रात नव्याने येणाऱ्या कोणाही व्यक्तीला अर्ज करता येतो. पदवीचे शिक्षण मध्येच सोडून छोटी नोकरी धरलेल्या तरुणांना याचा विशेष उपयोग आहे. कामाचे प्रमाणही लवचिक झाले आहे. २०२४ साली ९०, १७५ व ३५० तासांचे असे तीन प्रकारचे प्रकल्प होते. विद्यावेतन आता प्रत्येक देशातील क्रयशक्ती पाहून ठरविले जाते. त्या वर्षी भारतातील सहभागींसाठी ते अनुक्रमे ७५०, १,५०० व ३,००० डॉलर इतके होते. रक्कम दोन भागांत मिळते. मधल्या मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्यावर पहिला आणि अखेरच्या मूल्यमापनानंतर दुसरा. अनुत्तीर्ण झाल्यास पुढील रक्कम मिळत नाही.

या योजनेसाठी कोणतेही प्रवेशशुल्क नाही. ‘निवड करून देतो’, ‘अर्ज लिहून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्या व्यक्तींपासून विद्यार्थ्यांनी व पालकांनी सावध राहणे आवश्यक आहे. निवड संबंधित प्रकल्पाचे मार्गदर्शक करतात आणि ते अर्जदाराला त्याच्या कामावरून ओळखतात. त्यात मध्यस्थाला स्थान नाही.

अर्जापूर्वीचे काम

अर्ज चांगल्या इंग्रजीत लिहिला म्हणजे निवड झाली, असा एक समज महाविद्यालयांत आढळतो. वस्तुतः अर्जाच्या आधीचे दोन-तीन महिने निर्णायक असतात. सहभागी संस्थांची यादी साधारणतः फेब्रुवारीत जाहीर होते आणि अर्ज मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या प्रारंभापर्यंत स्वीकारले जातात. दरम्यानच्या काळात विद्यार्थ्याने मूळ संहिता आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करून ती चालवून पाहावी आणि तीतील एखादा लहानसा दोष दुरुस्त करून दाखवावा, अशी अपेक्षा असते. पहिलेच रूपांतर सहसा बिनचूक होत नाही. कोठे एखादे ग्रंथालय नसते, कोठे आवृत्ती जुळत नाही. (येथे ‘ग्रंथालय’ म्हणजे तयार संहितेचा संच. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने हा शब्द प्रथम ऐकताच त्याच्या मनात वेगळेच चित्र उभे राहिले होते.) या अडचणींना न कंटाळता जो तोंड देतो, तो पुढील तीन महिनेही टिकेल, असा मार्गदर्शकांचा कयास असतो.

पिजिनची संहिता मुख्यतः ‘सी’ भाषेत आहे. आपल्याकडील अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ही भाषा शिकविली जाते आणि परीक्षा झाली की बहुतेक विद्यार्थी तिला रामराम ठोकतात. बदलांची नोंद ठेवण्यासाठी बहुसंख्य प्रकल्प ‘गिट’ वापरतात, पिजिनमध्ये मात्र ‘मर्क्युरियल’ वापरण्यात येते. ते शिकण्यास एक-दोन दिवस पुरतात. मार्गदर्शक बहुधा आपली नोकरी सांभाळून फावल्या वेळात हे काम करीत असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा हुबळीत सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात. म्हणजे रात्रीचे जेवण आणि मार्गदर्शकाशी बोलण्याची वेळ यांची गाठ पडणार, हे घरच्यांनी गृहीत धरावे.

प्रत्येक वर्षी प्रत्येक संस्था योजनेत असतेच असे नाही. पिजिनही काही उन्हाळ्यांत होती, काहींत नव्हती. अशा वेळी त्याच क्षेत्रातील दुसरा प्रकल्प पाहावा. ‘झुलिप’ ही गटसंवादाची मुक्तस्रोत आज्ञावली २०१५ साली खुली करण्यात आली आणि २०१६ पासून ती या योजनेत सहभागी होत आली आहे. तीत भारतीय विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने काम केले आहे.

एक अप्रिय प्रसंगही नोंदविला पाहिजे. ऑक्टोबर महिन्यात मुक्तस्रोत कामासाठी टी-शर्ट देण्याचा एक उपक्रम चालत असे. २०२० साली त्यात हजारो निरर्थक बदल प्रकल्पांकडे पाठविण्यात आले. कोणी माहितीपत्रकात एक विशेषण वाढवून ठेवले, कोणी नुसते रिकामे स्थान घातले. एका लोकप्रिय शिकवणी-चित्रफितीचे अनुकरण करून हे करणाऱ्यांत आपल्याकडील विद्यार्थीही पुष्कळ होते. विनावेतन काम करणाऱ्या प्रकल्पचालकांचे दिवसच्या दिवस तो केर काढण्यात गेले आणि अखेर आयोजकांना नियम बदलावे लागले. त्या लाटेनंतर प्रामाणिकपणे पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलांकडेही काही काळ संशयाने पाहिले गेले असल्यास नवल नाही. अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेले अर्ज पाठविण्याची प्रवृत्ती वाढत आहे. ज्याने संहिता उघडूनही पाहिली नाही त्याचा अर्ज मार्गदर्शकाच्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो, हे लक्षात ठेवावे.

जवळच्या सोयी

हुबळी-धारवाड परिसरात शिक्षणाच्या सोयींची वाण नाही. हुबळीच्या विद्यानगरातील १९४७ साली स्थापन झालेल्या बी. व्ही. भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २०१५ मध्ये के. एल. ई. तंत्रशास्त्र विद्यापीठात रूपांतर झाले. धारवाड येथे भारतीय सूचना तंत्रज्ञान संस्था २०१५ पासून आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था २०१६ पासून कार्यरत आहे. परंतु या योजनेत महाविद्यालयाचे नाव विचारात घेतले जात नाही, ही तिची जमेची बाजू होय. केशवापुरातील घरात बसून काम करणारा विद्यार्थी आणि मुंबईच्या पवई येथील विद्यार्थी यांची संहिता एकाच कसोटीला लागते.

ज्यांना एकदम परदेशी योजनेत उडी घेण्याचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्प आहे. केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने चालणाऱ्या या प्रकल्पातर्फे विद्यार्थ्यांना उन्हाळी अभ्यासवृत्ती देण्यात येतात. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्स, सी भाषा आदी विषयांचे ध्वनिचित्र-पाठ विनामूल्य उपलब्ध असून त्यांतील अनेक पाठ मराठीत व कन्नडमध्येही ऐकावयास मिळतात. इंग्रजी ऐकून समजण्यास अडचण पडणाऱ्यांना प्रारंभासाठी ते उपयुक्त आहेत.

आज्ञावली-लेखन न येणाऱ्यांनाही येथे काम आहे. पिजिनच्या खिडकीवरील शब्द अनेक भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीचाही समावेश आहे. भाषांतराची धारिका साध्या मजकुराची असते. वर इंग्रजी वाक्य, खाली त्याचे मराठी रूप. नव्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात आणि जुनी भाषांतरे अपुरी पडतात, म्हणून हे काम कधीच संपत नाही. ‘बडी’ या शब्दाला ‘मित्र’ म्हणावे की ‘सोबती’, ‘अवे’ला ‘अनुपस्थित’ म्हणावे की ‘जागेवर नाही’, असे प्रश्न संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा मराठीच्या विद्यार्थ्याला अधिक चांगले सुटतील. ‘अनुपस्थित’ हा शब्द शाळेच्या हजेरीपटावर शोभतो. मित्र क्षणभर चहाला उठला असेल तर ‘जागेवर नाही’ हेच बरे. भाषांतरातून प्रकल्पात शिरून पुढे संहितेकडे वळण्याचा मार्गही मोकळा असतो.

अर्ज करताना एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन प्रस्ताव पाठविता येतात, निवड मात्र एकाचीच होते. अंतिम मुदत जागतिक प्रमाणवेळेनुसार सांगितली जाते. ती बहुधा त्या दिवशी १८ वाजता संपते. भारतीय प्रमाणवेळेनुसार तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. मुदतीनंतर आलेला अर्ज कोणत्याही सबबीवर स्वीकारला जात नाही, म्हणून प्रस्तावाची प्रत आदल्या दिवशीच दाखल करावी. मुदत संपेपर्यंत तीत सुधारणा करता येते.